आधी घनता मोज, मग बोलू

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. सॉलिड बॅटरीसाठी लिथियम आयन वाहून नेणारं जे सिरॅमिक तू करतोयस, त्या गार्नेटची कंडक्टिव्हिटी १० रेज टू मायनस ६ सिमेन्स पर सेंटिमीटरवरच अडकली म्हणून आता सल्फाइडकडं, म्हणजे गंधकवाल्या घन इलेक्ट्रोलाइटकडं, वळू का विचारायलास. नको. आधी सांग, पेलेटची, पावडर दाबून केलेल्या त्या चकतीची, घनता किती आली? एवढा लांबलचक मेसेज, इम्पीडन्स मोजून काढलेल्या नायक्विस्ट प्लॉटचे फोटो, अन् घनतेचा एक शब्द नाही!

हिशोब करून बघ. एलएलझेडओची, म्हणजे तुझ्याच लिथियम-लँथॅनम-झिर्कोनियम ऑक्साइड गार्नेटची, १० मिमी व्यासाची, १ मिमी जाडीची पेलेट ०.२८ ग्रॅम भरली तर घनता साधारण ३.६ ग्रॅम पर सीसी येते, पाहिजे ५.१ च्या आसपास, म्हणजे तीस टक्के नुसती पोकळी. लिथियम आयन काय पोकळीवरून उडी मारणारय का? हेच मटेरियल मुरुगन, थंगदुराई अन् वेपनर यांनी २००७ ला दाखवलं तेव्हा साध्या खोलीच्या तापमानाला ३ इनटू १० रेज टू मायनस ४ आलं होतं. मटेरियलला नावं ठेवू नको, घनता मोज.

जपानच्या कान्नोंच्या ग्रुपनं २०११ ला एलजीपीएस नावाच्या सल्फाइडचे १२ मिलिसिमेन्स पर सेंटिमीटर दाखवले, खरंय, पार लिक्विड इलेक्ट्रोलाइटच्या तोडीचं. पण सल्फाइड मऊ असतं, प्रेसमध्ये दाबलं तरी दाणे एकमेकाला भिडतात. गार्नेट कडक, ११००-१२०० डिग्रीला सिंटर केल्याशिवाय, म्हणजे भट्टीत भाजल्याशिवाय, दाणे जुळत नाहीत अन् तेवढ्या तापात लिथियम उडून जातं, म्हणून लिथियम दहा टक्के जास्त घे अन् पेलेट त्याच पावडरीत गाडून भट्टीत ठेव. शिवाय सल्फाइडला दमट हवा लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, विषारी गॅस आहे तो, तुझ्याकडं हवाबंद ग्लोव्हबॉक्स नाही अन् श्रावणात आपल्या लातुरातही हवा कोरडी नसते. गार्नेटवर कार्बोनेटचा थर चढतो पण तो पॉलिश पेपरनं घासून निघतो तरी.

लोक म्हणतात सर पोरांना अडवतात, घनता लिहिल्याशिवाय इम्पीडन्सला हात लावू देत नाहीत, पेपर कमी निघतात. निघू देत. मला हे सांगणारं कुणी नव्हतं, उमेदीची वर्षं आकड्यामागं पळण्यात गेली, त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून मी हटत नाही. अन् उद्या लिथियम धातू लावून सेल चालवलास तर त्याच फटींतून लिथियमचे तंतू घुसून शॉर्ट होणार, मग गाईडला काय दाखवशील?

तीच पेलेट काढ, घासून साफ कर, व्हर्निअरनं जाडी चार ठिकाणी घे, वजन कर, वहीत लिही. एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रेनं स्फटिकाची रचना तपासताना, पीक दुभंगलेले दिसले तर फेज टेट्रागोनल, म्हणजे आयन नीट न वाहणारी, झालीय, ते पण कळव. मग फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालतंय.