चुनखडकावरची दगडाळ चिकणमाती कशी असते? तिथे शेती न करता कुरणच का ठेवतात?

टेक्सासमधल्या एडवर्ड्स पठारावरची 'टॅरंट' माती याचं उत्तम उदाहरण. खाली कठीण चुनखडक, वर जेमतेम १५ ते ५० सेंमी गडद करडी-तपकिरी चिकणमाती आणि तिच्यात आकारमानाने ३५ टक्क्यांहून जास्त दगडगोटे. नांगर चालणार कुठे? म्हणून ती चराईलाच राहते.

पण दगडाळ म्हणजे निकृष्ट, हा समज चुकीचा आहे. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्यात चुना विरघळून जातो आणि खडकातली न विरघळणारी चिकणमाती मागे उरते. गवताच्या मुळांमुळे तिच्यात सेंद्रिय पदार्थही चांगले असतात. खरी अडचण ओलाव्याची. थर उथळ, त्यातली बरीच जागा दगडांनी अडवलेली, त्यामुळे पाऊस थांबला की माती लवकर सुकते. खडकाच्या भेगांत मात्र माती खोलवर उतरलेली असते. ओक आणि जुनिपर (एक सदाहरित सूचिपर्णी झाड) यांची मुळं तिथूनच पाणी ओढतात.

ढेकळावर सौम्य आम्लाचे दोन थेंब टाकले की ते फसफसतं, इतका चुना असतो. माती अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) असल्याने स्फुरद (फॉस्फरस) आणि लोह मुळांना सहज मिळत नाही. चराई अति झाली तर आधी उंच, चवदार गवतं जातात, मग उघडी पडलेली माती धुपते आणि जुनिपर माजतो.