नातीच्या ग्रॅज्युएशनला अमेरिकेला जाताना

प्रश्न : आमच्या मुलीची मुलगी, आमची नात, न्यू जर्सीत बारावीत आहे. जूनमध्ये तिचं हायस्कूल ग्रॅज्युएशन आहे आणि आम्ही दोघांनी यावं असा तिचा हट्ट आहे. माझं वय ७२, यांचं ७६. यांना इन्सुलिन चालू आहे. व्हिसा अजून काढलेला नाही. सुरुवात कुठून करावी आणि किती दिवस आधी पोचावं?

उत्तर : व्हिसाच्याही आधी मुलीला फोन करून तीन गोष्टी विचारा : समारंभाची तारीख पक्की आहे का, तो मैदानावर आहे की सभागृहात, आणि एका विद्यार्थ्यामागे किती तिकिटं मिळतात. न्यू जर्सीत शाळा वर्षाला किमान १८० दिवस भरवावी लागते. हिवाळ्यात बर्फामुळे सुट्ट्या पडल्या की त्या जूनमध्ये भरून काढतात आणि समारंभही पुढे सरकू शकतो. म्हणून परतीचं तिकीट समारंभानंतर निदान आठ-दहा दिवसांनी ठेवा. पाऊस आला तर मैदानावरचा समारंभ आत हलवतात, आणि आत जागा कमी म्हणून तिकिटंही कमी. ‘पाऊस आला तर आम्हाला किती मिळतील?’ हे वेगळं विचारून ठेवावं लागतं. साता समुद्रापार जाऊन आजोबा गाडीत बसून राहिले, असं व्हायला नको.

व्हिसाची तयारी आदल्या सप्टेंबरातच सुरू करा, कारण मुलाखतीची तारीख कधीकधी काही महिने पुढची मिळते. बी१/बी२ म्हणजे पाहुण्यांच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म आणि माणशी १८५ डॉलर शुल्क. आधी बोटांचे ठसे नि फोटो, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. ऐंशी वर्षांच्या आणि त्यापुढच्या अर्जदारांना मुलाखतीतून मिळणारी सूट २०२५ मध्ये काढून टाकली आहे, तेव्हा वयाच्या भरवशावर राहू नका. मुलाखतीत ‘हायस्कूल ग्रॅज्युएशन’ असं पूर्ण म्हणा. नुसतं ‘ग्रॅज्युएशन’ म्हटलं की कॉलेजचं वाटतं. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं विमान तिकीट काढू नका.

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला तरी दर खेपेला किती राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मुक्कामाची ती शेवटची तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते. ही नोंद ऑनलाइन दिसते. पोचल्याच्या आठवड्यात मुलीला ती बघायला सांगा. व्हिसावरची तारीख म्हणजे मुक्कामाची मुदत नव्हे. इथे पुष्कळ जण फसतात.

समारंभाआधी दहा-बारा दिवस पोचा. उन्हाळ्यात न्यू जर्सीची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि शरीर साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळवून घेतं. चार दिवस आधी पोचलात तर संध्याकाळी नातीचं नाव पुकारलं जाताना डोळे मिटत असतील. पश्चिमेकडे जाताना तो एक दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, म्हणून इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. चेक-इन सामानात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा. अमेरिकेत विमान बदलायचं असेल तर पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन झाल्यावर सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी मध्ये तीन तास तरी हवेत.

विमा घेताना ‘आधीपासूनचे आजार’ हा भाग ओळीन् ओळ वाचा. बऱ्याच पॉलिसी मधुमेहाच्या नेहमीच्या उपचारांचे पैसे देत नाहीत. जुना आजार अचानक उफाळला तरच देतात, तेही ठरावीक वयापर्यंत आणि ठरावीक रकमेपर्यंत. आजोबांच्या ७६ वयाला ती रक्कम किती, एवढं एक उत्तर लेखी घ्या.

प्रश्न : समारंभ मैदानावर आहे. दोन तास बसणं जमेल का?

उत्तर : स्टेडियममधल्या बैठका म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब फळ्या, बहुधा पाठ टेकायला काही नाही, आणि वर जायला पायऱ्या. म्हणून शाळेच्या ऑफिसला महिनाभर आधी ईमेल करून ‘ॲक्सेसिबल सीटिंग’ (पायऱ्या न चढता बसायची जागा) मागायला सांगा. ही सोय मागितल्यावर मिळते. त्या दिवशी फाटकावर सांगून मिळेलच असं नाही. काही शाळा फक्त पारदर्शक पिशवी आत नेऊ देतात आणि छत्रीला मनाई करतात. इन्सुलिन नि खाऊ न्यायचा आहे हे त्याच ईमेलमध्ये लिहा. साडी नेसणार असाल तर पायऱ्यांसाठी काठ जरा वर घ्या आणि चप्पल सपाट तळाची घाला.

नावं बहुतेक ठिकाणी आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने पुकारतात, एका नावाला पाच-सहा सेकंद. चारशे मुलं असतील तर नुसती नावंच पस्तीस-चाळीस मिनिटं चालतात. छापील पत्रिकेत तिच्या आधी किती नावं आहेत ते मोजून ठेवा, म्हणजे कधी सरसावून बसायचं ते कळेल. फोटो एका तरुणावर सोपवा. तुम्ही डोळ्यांनी बघा. सगळ्यांची नावं झाली की टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतात, तेव्हा मुलं अधिकृतपणे पास झाली. हातात दिलेली फाइल कधीकधी रिकामी असते. खरं प्रमाणपत्र नंतर मिळतं. काही चुकलंय असं समजू नका.

प्रश्न : समारंभाला निघताना नातीचं औक्षण करायचं आहे. काय काय न्यावं? सोन्याची साखळीही द्यायची आहे.

उत्तर : औक्षण जरूर करा, पण तिने समारंभाचा गाउन घालायच्या आधी. तो गाउन बहुधा पॉलिएस्टरचा असतो : निरांजनाची ज्योत लागली तर वितळून अंगाला चिकटतो, आणि कुंकू सांडलं तर डाग सहज जात नाही. टोपी कपाळावर, भुवयांच्या थोडी वर, सपाट बसते. ओलं कुंकू टोपीला लागून पुसलं जातं. कुंकू कोरडंच आणि लहान लावा. उदबत्ती टाळा, धुराने छताचा अलार्म वाजू शकतो.

तबक, निरांजन, वाती, कुंकू खुशाल न्या. अक्षता मात्र तिथल्या तांदळाच्या करा. धान्यात पडणाऱ्या एका किडीच्या भीतीने भारतातून सामानात तांदूळ न्यायला बंदी आहे, मूठभर असला तरी. ताजे आंबे, कढीपत्ता आणि मांसाचे पदार्थही नकोत. खाण्याचं जे काही असेल ते कस्टम्सला सांगा. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीवर दंड होतो.

साखळी गळ्यात घालून नेऊन तिथे ठेवायची असेल तरी ती भेटच. पाहुण्यांना एकूण १०० डॉलरपर्यंतच्या भेटी करमुक्त आहेत. त्यापुढची किंमत सांगावी लागते. सराफाची पावती सोबत ठेवा, किंमत विचारली की दाखवता येते.