कार्डावरचं वचन आणि आधीची ओळ

लेकरा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. शिक्षक भरतीची यादी लागली आणि त्यात तुझं नाव नाही. अर्धांगवायूनंतर वडिलांचा उजवा हात अजून उचलत नाही, सोयाबीनच्या पैशांतून सोसायटीचं कर्जसुद्धा फिटलं नाही. आणि पत्राच्या शेवटी तू विचारलंस की ३१ डिसेंबरच्या रात्री उपासनेत यिर्मया २९:११ चं वचनाचं कार्ड तुझ्याच हाती आलं होतं, 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, पुढची आशा देणारे आहेत' असं देव त्यात म्हणतो, मग देवाने ते पाळलं का नाही? हा प्रश्न विचारल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नकोस. पण आधी ते कार्ड बाजूला ठेव आणि पवित्र शास्त्र उघडून यिर्मयाचा अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा अध्याय सलग वाच. अर्धा तासही लागणार नाही.

कार्डावर अकरावं वचन असतं, दहावं नसतं. दहाव्यात सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पाठवलेलं ते पत्र आहे. ज्या जाणत्या माणसांनी ते ऐकलं, त्यांच्यातल्या बहुतेकांची मूठमाती बाबेलातच झाली, परत आली ती लेकरं-नातवंडं. देवाने शब्द पाळला. इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पडलं आणि त्यानंतर पारसाच्या कोरेश राजाने लोकांना परत जायची मोकळीक दिली. पण तो शब्द कोणाला दिला होता आणि किती मुदतीचा होता, हे कार्डाच्या चार ओळींत मावत नाही. कार्ड देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. कार्ड मिळालं की त्याच आठवड्यात तो अख्खा अध्याय वाचायचा, एवढी सवय लाव.

आता अठ्ठाविसावा अध्याय. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की बाबेलला नेलेली माणसं आणि मंदिराची भांडी, सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया त्यावर आधी 'आमेन' म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं गं! पण देवाने तसं सांगितलेलं नव्हतं. हनन्या बोलला पाचव्या महिन्यात आणि सातव्या महिन्यात मेला. आपल्याकडे सुवार्ता सभांत 'या महिन्यात तुझं दार उघडणार' असं कपाळावर हात ठेवून सांगणारे भेटतात. त्यांनी सांगितलेली तारीख वहीत लिहून ठेव. ती टळली, तर ती त्यांची होती, देवाची नव्हती. अनुवाद १८:२२ ची कसोटी हीच आहे. आणि 'विश्वासाचं बी पेर' म्हणून कोणी पैसे मागितले तर उसने काढून, बचत गटाचं कर्ज उचलून एक रुपयाही देऊ नकोस. २ करिंथ ८:१२ प्रमाणे दान असेल त्यातून द्यायचं, नसेल त्यातून नाही.

वहीचं म्हटलं ते खरंच कर. दोनशे पानी वही घे आणि दोन पानांवर मिळून चार रकाने आख. पहिल्यात वचन, पूर्ण संदर्भासह. दुसऱ्यात ते कोणाला दिलं आणि त्याला अट काय. तिसऱ्यात तू देवाकडे काय मागत आहेस. चौथ्यात तू मनातल्या मनात कोणती तारीख धरली आहेस. पहिला आणि चौथा रकाना एकमेकांत मिसळतात, सगळा घोळ तिथेच होतो. सरकारी शाळेतली नोकरी, वडिलांचा हात बरा होणं, अमुक वयापर्यंत लग्न, यांतलं काहीही देवाने तुला तारखेसह दिलेलं नाही. ते मागायचं, रोज मागायचं. पण ती मागणी आहे. ख्रिस्तात जे दिलंय ते वेगळं लिही : तो सोडणार नाही, टाकणार नाही (इब्री १३:५), मागितलं तर शहाणपण देईल (याकोब १:५), सोसवणार नाही अशा परीक्षेत पडू देणार नाही, वाट काढून देईल (१ करिंथ १०:१३), आणि कोणतीही गोष्ट त्याच्या प्रीतीपासून आपल्याला तोडणार नाही (रोम ८:३८-३९). ही चार पाठ कर. उपयोग यांचा होतो, कारण ती यादी लागायच्या आदल्या दिवशीही खरी असतात आणि दुसऱ्या दिवशीही.

प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत सलणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही (२ करिंथ १२:७-९). इब्री ११:३९ स्वच्छ सांगतं की विश्वासाबद्दल नावाजलेल्यांनाही अभिवचनाचं फळ हाती मिळालं नव्हतं. म्हणून 'तुझा विश्वास कमी पडला' असं वडिलांच्या खाटेपाशी कोणी बोललं तर त्या माणसाला नम्रपणे बाहेर ओसरीवर ने आणि ही दोन ठिकाणं दाखव. आजारी माणसावर हा आरोप करणं क्रूर आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते वाट पाहता पाहता घाई केल्याने. तू शेतकऱ्याची लेक आहेस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल गेल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हे तुला ठाऊक आहे. पहिल्याच सरीवर पेरलं की दुबार पेरणी बोकांडी बसते. देवाने अब्राहामाला संततीचं वचन दिलं होतं. त्याच्या बायकोने, साराने, कनानात दहा वर्षं वाट पाहिली आणि मग मूल व्हावं म्हणून आपली दासी हागार त्याला दिली. हागारेला इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. साराला वचनाचा इसहाक झाला तो अब्राहामाच्या शंभराव्या वर्षी, आणि घरातलं भांडण मात्र कायमचं झालं. शौल राजाने शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहिली, लोक पांगायला लागले म्हणून स्वतःच होम केला, आणि होम आटोपतो तोच शमुवेल आला. तुझ्यापुढचा हागारेचा रस्ता कोणता, ते तुझ्या पत्रातच आहे. खाजगी शिक्षण संस्थेत पैसे भरून शिक्षिका म्हणून चिकटायचं आणि त्यासाठी दोन एकर विकायचे. नको. नेमणुकीची सरकारी मान्यता अडकली की नोकरीही जाते, रानही जातं. पण त्याहून मोठं कारण असं की पहिल्या पगारापासून तुला खोटं जपत बसावं लागेल.

मग तोवर करायचं काय? यिर्मयाच्या त्याच पत्राच्या, एकोणतिसाव्या अध्यायाच्या, पाचव्या ते सातव्या वचनात आहे. घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आपल्या मराठी मंडळीतले जुने पाळक नारायण शेषाद्री, त्यांचा बाप्तिस्मा १८४३ चा. त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हा तिथे घरं, शेती आणि ख्रिस्तमंदिर सगळंच उभं केलं. तूही गावात पाचवी ते आठवीच्या शिकवण्या आताच सुरू कर. शिक्षक भरतीची पुढची अभियोग्यता चाचणी जरूर दे, पण एकूण किती वेळा देणार ते आज घरच्यांसमोर ठरव. वडिलांच्या हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे रोज करून घे. बोटं एकेक करून उघडायची, मनगट वर-खाली, मग कोपर. झटका द्यायचा नाही, खांदा ओढायचा नाही. प्रार्थना त्या वेळीच म्हण, हात हातात असतानाच. रक्तदाबाची गोळी 'विश्वासाने' बंद करणं हा विश्वास नव्हे, ती एका दिवसासाठीही चुकू देऊ नकोस.

तू लिहितेस की प्रार्थनेला बसलं की शब्दच येत नाहीत. तेरावं स्तोत्र घे, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, त्यात 'कुठवर' हा सवाल चारदा येतो. पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. तुझ्या शब्दांत तशा सहा ओळी लिही. शेवटच्या दोन ओळी जमल्या नाहीत तर रिकाम्या ठेव. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे. काही महिन्यांनी हबक्कूक ३:१७-१८ वाच. अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, सगळं रितं झाल्याचं तो संदेष्टा एकेक नाव घेऊन सांगतो आणि मग 'तरी मी आनंद करीन' म्हणतो. नुकसान मोजल्याशिवाय आनंदाकडे उडी मारत नाही. म्हणून रविवारी साक्ष द्यायला उभं राहायची जबरदस्ती स्वतःवर करू नकोस.

उपास करायचा तर एक वेळचा कर, पाणी पीत राहा. वडिलांना उपास नको. रात्री अभ्यास, पहाटे प्रार्थना आणि मधे तीन तास झोप, हे चालणार नाही. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली मरण मागितलं तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि दोनदा भाकर-पाणी दिलं, कामाचं बोलणं नंतर काढलं. जगणंच नकोसं वाटायला लागलं, तुला किंवा वडिलांना, तर त्याच घटकेला घरात कोणाला तरी सांगायचं आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन लावायचा. तो नंबर भिंतीवर लिहून ठेव.

मंडळीतल्या दोनच जणींना खरी परिस्थिती सांग, ज्या ऐकून घेतात आणि बाहेर बोलत नाहीत अशा. आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बस. रान विकायचा विषय येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना घरी बोलावून वडिलांसमोरच काढ, आणि चार रकान्यांची वही तेव्हा जवळ असू दे. वडील काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मंडळीतली मावशी