चाळीच्याच जागी टॉवरमध्ये घर मिळालं, तरी माणसाला परकं का वाटतं?
कारण जीव खोलीपेक्षा येण्याजाण्याच्या वाटेवर जास्त जडतो. मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी घ्या. १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. आता तिथेच उंच इमारतीत ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. हे सुख मोठं आहे, बायकांसाठी तर फारच. त्याला कुणी कमी लेखू नये. पण चाळीत दारं दिवसभर उघडी असायची. मधल्या पॅसेजमधून पाण्याची बादली नेतानाही चार घरांची खबर कळायची. लिफ्टमध्ये तेवढा वेळच मिळत नाही, आणि सोडतीत घरं लागल्यावर जुने शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर जातात. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, तरी चाळीतला शेजार टिकला होता. म्हाताऱ्या माणसांना संध्याकाळी दार लावून बसणं जड जातं ते हा शेजार तुटल्यामुळेच.