आई-बाबांना हॅरॉड्स दाखवायचंय?

भारतातून आलेल्या आई-बाबांच्या लंडनच्या यादीत हॅरॉड्स हे प्रसिद्ध मोठं दुकान असतंच. तिथे खरेदीला निघालात तर प्रत्येक किमतीचे रुपये होणार आणि 'चला इथून' ऐकू येणार. इमारत आणि फूड हॉल (खाद्यपदार्थांची दालनं) बघायला जातोय, हे घरीच सांगून ठेवा. दीड तास पुरतो.

सोम ते शुक्र सकाळी १० ला, दार उघडतानाच पोहोचा. शनिवारी दुपारी लिफ्टसाठीही ताटकळावं लागतं. इंग्लंडमधल्या मोठ्या दुकानांना रविवारी सलग ६ तासच विक्री करता येते, त्यामुळे १२ च्या आधी आत सोडलं तरी बिल होत नाही. नाताळच्या दिवशी आणि ईस्टरच्या रविवारी बंद.

ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) पिकॅडिली लाइनचं नाइट्सब्रिज हे स्टेशन. बस हवी तर १४ किंवा ७४. एका प्रवासाला एका कार्डावर एकच माणूस जातो. बाबांनी टॅप केलेलं कार्ड आईसाठी परत लावलं की गेट अडतं, म्हणून दोघांना वेगवेगळी कार्डं द्या. ११ वर्षांखालच्या नातवंडांना मोठ्यांबरोबर ट्यूब फुकट. मोठ्या बॅगा नेऊ नका, पाठीवरची सॅक हातात धरायला सांगतात.

१८८३ च्या आगीत जुनं दुकान जळालं. आजची टेराकोटाची इमारत त्यानंतरची, वास्तुविशारद चार्ल्स विल्यम स्टीफन्स. १८९८ मध्ये ब्रिटनमधला पहिला सरकता जिना इथेच बसला. त्याला पायऱ्या नव्हत्या, चामड्याचा पट्टाच होता, आणि वर पोहोचून घाबरलेल्यांना ब्रँडी देत! सरकत्या जिन्याला बिचकणाऱ्या आईला हे जरूर सांगा. आताचा इजिप्शियन (प्राचीन इजिप्तच्या शैलीत सजवलेला) जिना भपकेबाज आहे, पण फोटो तिथलेच चांगले येतात.

खरं बघण्यासारखं तळमजल्यावर, फूड हॉलमध्ये. मांसाच्या जुन्या दालनात टाइल-कलाकार नीटबी यांच्या १९०२ च्या टाइल्स आहेत, शिकारीच्या चित्रांच्या. सगळ्यांची नजर काउंटरवर असते. तुम्ही मान वर करून छत बघा. मासे-मांस उघडं मांडलेलं असतं, वासही येतो. कट्टर शाकाहारी मंडळींना आधी सांगा आणि चहा-चॉकलेटच्या भागातून सुरुवात करा.

न्यायला सोपं म्हणजे चहाचा डबा आणि शॉर्टब्रेड. शॉर्टब्रेडमध्ये साधारणपणे मैदा, लोणी, साखर एवढंच असतं, तरी लेबल वाचा. अंडं ॲलर्जीच्या यादीतलं, म्हणून ते ठळक अक्षरात छापावंच लागतं. जिलेटिन त्या यादीत नाही, त्यामुळे ठळक शब्द तेवढे बघणारा तिथेच फसतो. मार्शमेलो आणि काही टर्किश डिलाइटमध्ये ते असतं. ख्रिसमस पुडिंगमध्ये गाईची चरबी, म्हणजे स्यूएट, असू शकते. वनस्पतिजन्य स्यूएटही मिळतं, पण पुडिंगमध्ये बहुधा दारू असतेच. उपास-तापास करणाऱ्या आत्याकडे हा डबा नकोच.

जॅम, लेमन कर्ड (दही नव्हे, लिंबाचं जॅमसारखं गोड मिश्रण) हे विमानतळावर द्रवात धरतात. चेक-इन बॅगेत टाका, झाकणाला चिकटपट्टी लावून.

भारतातलं कार्ड वापरताना मशीनने 'रुपये की पाउंड' विचारलं तर पाउंड निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो बहुतेक महागच पडतो. बँकेचं परकीय चलन शुल्क वेगळं. पर्यटकांना व्हॅट परत मिळायचा, ते ग्रेट ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून बंद झालं. जुन्या माहितीवर विसंबून महागडी पर्स घेऊ नका. दुकानात जाऊन घेतलेली वस्तू 'आवडली नाही' म्हणून परत करण्याचा कायदेशीर हक्क नाही, दुकानाचे नियम काय ते पैसे देण्याआधीच विचारा.

हॅरॉड्समध्येच चहापान करायचं असेल तर आधी बुकिंग करा आणि शाकाहारी थाळा तेव्हाच सांगा, ऐनवेळी सँडविच बदलून मिळतीलच असं नाही. बिलात सर्व्हिस चार्ज धरलाय का पाहा, धरला असेल तर वेगळी टिप नको. पाय दुखत नसतील तर तिथून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम दहा-पंधरा मिनिटांवर आहे, तिथे प्रवेश मोफत.