टाळी कुठे पडते, तिकडे कान द्या

प्रश्न : कॅनेडियन गायक-गिटारवादक नील यंगचा ‘लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१’ हा अल्बम दोनदा ऐकला. बँड नाही, नुसती गिटार, पियानो आणि गळा. पाच गाण्यांनंतर सगळं एकसारखंच वाटतं. ऐकायचं कसं?

उत्तर : सलग ऐकू नका, आणि तारीख विसरू नका. कार्यक्रम १९ जानेवारी १९७१चा, टोरांटोतला. अल्बम निघाला थेट २००७ साली. कार्यक्रम झाला तेव्हा त्याचा ‘हार्वेस्ट’ अल्बम यायला वर्ष बाकी होतं. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ इथे पियानोवर येतं, ‘अ मॅन नीड्स अ मेड’च्या पोटातच. ते सुरू होतं तेव्हा कुणी टाळी वाजवत नाही, कारण गाणं कुणाच्या ओळखीचंच नाही. उलट ‘हेल्पलेस’मध्ये नॉर्थ ऑन्टारिओचं नाव आलं की टाळ्या पडतात, टोरांटो त्याच ऑन्टारिओ प्रांतात. घरच्या पोराला मिळालेली दाद ती.

मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डिंगांच्या जोड्या लावा. ‘काउगर्ल इन द सँड’ १९६९ साली क्रेझी हॉर्स या त्याच्या रॉक बँडबरोबर दहा मिनिटं चालतं. इथे चारएक मिनिटांत आटोपतं. इलेक्ट्रिक सोलो गळाले तरी चाल उभी राहते, हे आधी तपासा. ‘द नीडल अँड द डॅमेज डन’ तर ‘हार्वेस्ट’वरही लाइव्हच आहे, त्याच वर्षीच्या ३० जानेवारीचं. अकरा दिवसांत काय बदललं?

बेस बूस्ट (खालचे सूर वाढवणारं सेटिंग) बंद ठेवा. नाहीतर जाड तारा घुमतात आणि शब्द बुडतात. व्हॉल्यूम गळ्यावर बेतून लावा, टाळ्यांवर नको.

प्रश्न : याच अल्बममधल्या ‘ओहायो’सोबत गिटार वाजवतो. कॉर्ड बरोबर आहेत, तरी तो भरदार नाद येत नाही.

उत्तर : ट्यूनिंग वेगळं आहे : डबल ड्रॉप डी. पहिली (सर्वांत बारीक) आणि सहावी (सर्वांत जाड) तार ई सुरावरून डीवर उतरवा. चौथी मोकळी तार मुळात डीच असते, तिच्याशी ताडून बघा. सहावी एक सप्तक खाली, पहिली एक सप्तक वर. सैल करत थेट डीवर थांबू नका. तार नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत अडकते आणि वाजवताना आणखी उतरते. डीच्या थोडं खाली जाऊन मग ताणत वर या. त्यानंतर मधल्या चार तारा पुन्हा तपासा, ताण बदलल्याने त्याही हलतात. जाड तारेवरचा जी सूर आता तिसऱ्या नव्हे, पाचव्या फ्रेटवर मिळेल. जुन्या सवयीने बोट तिसऱ्यावर जातं आणि जी कॉर्ड बिघडते ती तिथेच.

‘डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन’ही याच ट्यूनिंगचं, पण सगळ्या तारा आणखी दोन फ्रेटइतक्या खाली. बारीक तारा तिथे खडखडतात. निदान १२चा सेट लावा, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची.