बाराखडी पाठ आहे, पण वाचता येत नाही. संशोधनाच्या आधारे काय करावे?

पहिलीतली तुमची मुलगी बाराखडी घडाघडा म्हणते आणि तरीही ‘कान’ हा शब्द वाचताना अडते, असे तुम्ही लिहिले आहे. दोष मुलीचा नाही, क्रमाने घोकून घेण्याचा आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकवीस वर्षे पहिलीला शिकवले. माझ्या वर्गातला एक मुलगा मुळाक्षरे न चुकता म्हणत असे. एकदा मी फळ्यावर ‘कान’ लिहिले. त्याने ‘क, का’ म्हणून पहिले अक्षर ओळखले, मग ‘न’वर बोट ठेवून पुटपुटत ‘त, थ, द, ध, न’ अशी ओळ म्हटली आणि तेवढ्यात आधीचा ‘का’ विसरला. दुसऱ्या दिवसापासून मी क, म, न आणि काना एवढेच घेतले. त्यातून नाक, मान, काका, मामा, मका, कमान हे शब्द मुलांनीच जुळवले, आणि पंधरा दिवसांत तो मुलगा ते सलग वाचू लागला. पुढे तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी शेरेबुकात लिहिले, ‘मुळाक्षरे पूर्ण नसताना काना शिकवला.’ तो शेरा मला आजही सलतो, कारण मी केले ते मनाचे नव्हते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी निवडक अक्षरे आणि स्वरचिन्हे एकत्र शिकवण्याची वाट कित्येक वर्षे आधी घालून दिली होती. पुढे पालघरमधील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनाचा संशोधकांनी सलग अभ्यास केला, तेव्हा केवळ अक्षरे गिरवून घेणाऱ्या वर्गांतील कितीतरी मुले तिसरीअखेरही अडखळतच होती.

तेव्हा चार अक्षरे घ्या, शब्द करा, मग पुढची चार घ्या. रोज गोष्ट वाचून दाखवा आणि तिच्यावर बोला, कारण शब्दसंग्रह नसेल तर उच्चारलेल्या शब्दाचाही अर्थ लागत नाही. बाराखडी टाकून द्या असे मी म्हणत नाही. वाचता येऊ लागल्यावर ती उजळणीला उत्तम आहे. शिवाय मुलीची नजर आणि ऐकणे एकदा तपासून घ्यावे, हे आधीच सांगायला हवे होते.

शाळेत बाई मुळाक्षरांचाच आग्रह धरत असतील, तर त्यांच्यासमोर मुलीला कधीही न शिकवलेला एखादा सोपा शब्द वाचायला द्या. माझ्या वर्गात आलेल्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी एकाही मुलाला तसा शब्द दिला नव्हता.